बाचा आवाज, सुभेदारांची मिशी

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. ज्या साहेबांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांना माहीत नाही, आणि त्यांना तर ती सगळ्यात आधी कळायला हवी होती. आज तुम्हाला सांगतोय, पण आधी एक अट आहे. 'तेव्हा तुझं वय काय होतं', 'काळच तसा होता', 'पोटासाठी माणूस काय काय करतो' — यातलं एकही वाक्य माझ्यापुढे टाकायचं नाही. मी पंचविशी गाठलेला होतो, पोट भरलेलं होतं, आणि काळाने माझा हात धरून काही करून घेतलं नाही. केलं ते मी केलं.

तुम्ही तो माहितीपट पाहिलाही असेल. थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी, लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असतात ना, तेव्हा लागायचा. बालाघाट जिल्हा आणि तिथे कुठून कुठून येऊन वसलेली माणसं. मँगनीजच्या खाणीवर आलेले मजूर, फाळणीनंतर आलेले सिंधी दुकानदार, वैनगंगेकाठचे पोवार शेतकरी, डोंगरातले गोंड आणि बैगा, आणि विदर्भातून आलेले आम्ही. अनेक भाषा, एक जिल्हा, असा सगळा थाट. ते आता कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहे ते एकच — ओसरीवर बसलेला, झुबकेदार मिशीचा, छातीवर मेडलं लावलेला एक म्हातारा सैनिक, आणि बर्माच्या लढाईची आठवण सांगणारा त्याचा आवाज. त्या आवाजावर लोकांनी लेख लिहिले. त्या आवाजाला बक्षीस मिळालं म्हटलं तरी चालेल.

त्या आवाजाबद्दलच सांगायचंय. पण थांबा — आधी बाबद्दल सांगतो. नाहीतर तुम्हाला कळणार नाही, मी काय घालवलं ते.

माझा बाप, आमचा बा, कटंगीजवळच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची कामं करायचा. बोलका होता. जरा जास्तच बोलका. लग्न असो, मयत असो, बा तिथे बर्मा काढायचाच. लढाईत तो खच्चरवाला होता. दारूगोळा लादलेली खच्चरं डोंगरातून हाकत न्यायची, हे त्याचं काम. मेडल मिळालं नव्हतं, फौजेचे कागद वाळवीने खाल्ले होते. पुरावा म्हणून त्याच्याकडे तोंड तेवढं होतं. गावाने त्याचं नाव 'बर्माबुढा' पाडलं, तो पुरता म्हातारा व्हायच्या कितीतरी आधी. पोरं मागून ओरडायची, आणि लहानपणी एकदा त्या पोरांत मीही ओरडलो होतो. तेही यात धरा.

आणखी एक खोड होती त्याला. जिथे हसू नये तिथे तो हसायचा. कुणी कसं मेलं हे सांगताना हसायचा. छप्पन साली तो आम्हाला नागपूरला घेऊन गेला, तिथून आम्ही बुद्धाचे होऊन परत आलो. मला खांद्यावर घेऊन गर्दीतून चालताना तो सारखा हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. मला वाटलं, धूळ गेली असेल.

मी मॅट्रिक झालो, बालाघाटला रेडिओच्या दुकानात बसलो, मग मुंबई. माहितीपट काढणाऱ्या एका युनिटमध्ये ध्वनिमुद्रणाचा मदतनीस. तिथे नाव विचारलं तेव्हा मी आडनाव गाळलं. धनराजचा 'डी. राज' झालो. मूळ कुठलं? नागपूरकडचं. बस्स. कुणी खोदून विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. एकदा सांगितलं नाही की मग दर दिवशी न सांगावं लागतं — हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. ठाऊक होतं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर ज्याला त्याला सैनिक हवे होते. आमचं युनिट बालाघाटला निघालं तेव्हा साहेब म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात खरंच लढलेला एखादा माणूस गाठायला हवा. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक बूढ़े को जानता हूँ, साहब." एक म्हातारा. ओळखतो. हे मी माझ्या बापाबद्दल बोललो.

आदल्या दिवशी गावी जाऊन बाला सांगितलं, उद्या बालाघाटच्या विश्रामगृहावर ये. आणि तिथे मला नावाने हाक मारायची नाही.

"काहून गा?" तो म्हणाला. "तू का जासूस होऊन राह्यला?"

"बा, तेथी मी कामावर हावो. साहेब मन मले."

"हौ," बा म्हणाला, आणि हसला. "मंग सलूट बी मारतो."

आणि खरंच मारला. दुसऱ्या दिवशी विश्रामगृहाच्या दारात, धुतलेला सदरा घालून, माझ्या सगळ्या युनिटसमोर माझ्या बापाने मला सलाम ठोकला. साहेबांना मजा वाटली. मी मान हलवली.

आमचा कॅमेरा चालू झाला की शिवणयंत्रासारखा घरघरायचा. त्यामुळे आवाज आधी घ्यायचा, बंद खोलीत, दारं-खिडक्यांवर रजया टांगून, आणि चित्र नंतर वेगळं घ्यायचं, अशी रीत होती. मी टेपरेकॉर्डर मांडून बासमोर बसलो आणि परक्यासारखे प्रश्न विचारले. साहेबांनी मला विचारायला लावलं, मुलंबाळं किती? बा माझ्याकडे बघून म्हणाला, "एकच पोरगा हाय जी. मुंबईले रायते. लय मोठा साहेब हाय." मी टेपच्या फिरत्या चकत्यांकडे बघत राहिलो.

आणि मग त्याने ते सांगितलं. गावात ज्यावरून त्याची सगळ्यात जास्त टर उडायची, तेच.

"जंगलात जाच्या आंधी डाक्टर आला जी. एकेक खच्चर पाडलं, गळ्यात चाकू घातला, आन आवाज काढून घेतला. दुश्मनाले आयकू जाऊ नाई मनून. माही राणी व्हती, लय बोलकी. मले पाह्यलं का वरडाची. त्या दिवसापासून मले पाह्यलं का तोंड उघडाची, मान हालवाची... आन आवाजच नाई. मी तिले मनाचो, बोल वो बाई, मी आयकून राह्यलो."

आणि हसला.

हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं. त्या दिवशी कानाला हेडफोन लावून ऐकलं, आणि पहिल्यांदा खरं वाटलं. कारण हेडफोनमध्ये ते हसू नव्हतंच. श्वास अडकत होता. घशाच्या तळाशी काहीतरी घासटत होतं. माणूस समोर बसलेला दिसत असतो म्हणून आपण त्याला हसरा म्हणतो. डोळे मिटून कोण ऐकतं?

निघताना बा माझ्या कानाशी म्हणाला, "आता त गाववाले मानतीन ना गा?" त्याला बाकी काही नको होतं. पैसे नको, मेडल नको. त्याला एवढंच हवं होतं की कटंगीच्या बाजारात पडदा लागावा, त्यावर त्याने बोलावं, आणि लोकांनी म्हणावं — अरे, बुढा खरं बोलत होता.

मी म्हटलं, मानतील.

पुढचं सगळं मुंबईत, संकलनाच्या टेबलावर झालं. साहेबांनी आवाज ऐकला आणि डोळ्यांवर हात ठेवून बसले. मग चित्र लावलं. चित्रात बा होता, दात पडलेला, बनियनवर, कारण ऊन चढलं तसा त्याने सदरा काढून ठेवला होता. आणि हसत होता. तोंडभर. साहेब म्हणाले, "ये आदमी हँस क्यों रहा है?" दोन-तीनदा मागे-पुढे करून बघितलं. शेवटी म्हणाले, नाही जमत, हा तुकडा सोडून देऊ.

इथे नीट लक्ष द्या. इथे मला एक वाक्य बोलता आलं असतं. 'साहेब, हा माझा बाप आहे, तो असाच हसतो.' एवढंच. साहेब भला माणूस होता, त्याने चित्र ठेवलं असतं, कदाचित त्या हसण्यावरच सगळा माहितीपट उभा केला असता. मी ते वाक्य बोललो नाही. मी दुसरं बोललो.

मी म्हटलं, सुभेदारांचं चित्र आहे ना आपल्याकडे.

सुभेदार म्हणजे आमच्याच गावच्या पाटलाच्या घराण्यातले. फौजेत होते हे खरं, मेडलं होती हेही खरं, पण लढाईची सगळी वर्षं त्यांनी जबलपूरला भरतीच्या कचेरीत काढली होती. ते ओसरीवर मेडलं पुसत असताना आम्ही त्यांचं चित्र घेतलं होतं. ते शेताकडे बघत होते, पाठमोरे चालत होते, विडीचा धूर सोडत होते. ओठ हलताना दिसत नव्हते. कुणाचाही आवाज त्यावर बसला असता.

साहेब म्हणाले, "मगर ये तो झूठ होगा."

मी म्हणालो, "आवाज़ सच्ची है, चेहरा भी सच्चा है. झूठ कहाँ है, साहब?"

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. आणि खरं सांगू? त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जोडणी मी स्वतः केली, मी एकट्याने, आणि फार सफाईने केली. बाचं चित्र खाली टाकाऊ फितीच्या टोपलीत गेलं. पोराबद्दल बोललेला तुकडाही गेला. हसणं मात्र ठेवलं, कारण सुभेदारांच्या पाठमोऱ्या खांद्यांवर ते हुंदक्यासारखं बसत होतं.

बाला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. म्हटलं, बालाघाटपर्यंत कुठे येतोय हा माहितीपट?

आला. वर्षभरात आला. सरकारी प्रचाराची गाडी, पांढरा पडदा, कटंगीच्या बाजाराचं मैदान. साहेब खास आले होते, म्हणून मीही आलो. पुढे खुर्च्यांवर अधिकारी आणि हार घातलेले सुभेदार. खुर्च्यांच्या मागे जमिनीवर आमच्या मोहल्ल्यातली माणसं दाटीवाटीने, आणि मधोमध बा, तोच धुतलेला सदरा घालून. त्याने आठ दिवस सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बसवत होता.

अंधार पडला आणि माहितीपट सुरू झाला. खाणी झाल्या, बाजार झाला, गोंडांचा नाच झाला. मग बाचा आवाज आला. मोहल्ल्यातून एकदम 'आला, आला!' झालं. आणि पडद्यावर सुभेदारांची मिशी.

पहिल्यांदा बा नुसता बघत राहिला. त्याला वाटलं असेल, आता येईल, पुढे येईल. शेजारचा मारोती मोठ्याने म्हणाला, "काहून हो बर्माबुढा, तुमी त कोठीच दिसून नाई राह्यले!" हशा पिकला. तेवढ्यात राणी आली — तोंड उघडाची, मान हालवाची — आणि बा उठून उभा राहिला. थेट यंत्राच्या उजेडात. पडद्यावर सुभेदारांच्या अंगावर त्याची काळी सावली पडली. माझ्या बापाचं पडद्यावर जे काही आलं, ते तेवढंच.

"थो आवाज माहा हाय!" तो ओरडला. "माहा हाय थो! धनू! सांग ना रे यायले!"

यंत्राच्या बाजूला मी, आणि माझ्या बाजूला साहेब. साहेबांनी विचारलं, "ये तो वही आवाज़वाले बाबा हैं न? आपको क्यों बुला रहे हैं? आपके कौन हैं?"

आता सांगतो. एवढं फिरून फिरून इथेच यायचं होतं.

मी म्हणालो, "गाँव का बूढ़ा है, साहब. दिमाग़ से थोड़ा खिसका हुआ है."

हळू बोललो होतो. पण बा तीन हातांवर उभा होता, आणि मोहल्ल्यातले चार जण त्याच्या मागे. प्रचारवाल्याने भोंग्यावरून सांगितलं, "बाबाजी, बैठ जाइए." लोक पुन्हा हसले. बा बसला. सुभेदारांनी एकदा मान वळवून मागे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

सकाळी मोटारस्टँडवर बा आला. हातात चिन्नोर तांदळाची पिशवी. साहेब पुढे गेले होते, आम्ही दोघेच होतो.

"पिच्चर मस्त झाला गा," तो म्हणाला. "राणीचं बराबर आलं."

मी बस येते का बघत होतो.

"माहे कान अजून चांगले हायत, धनू," बा म्हणाला, आणि हसला.

बस आली. मी पिशवी घेतली आणि चढलो. हो, पिशवी घेतली. तो तांदूळ मुंबईत शिजवला आणि खाल्लाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एका म्हाताऱ्याचा जरा अपमान झाला. नाही, एवढंच नाही. तीन वर्षांनी बा गेला. मातीला आलेल्या मारोतीने मला सांगितलं — चांगल्या मनाने, माझं दुःख हलकं करायला. म्हणाला, "पिच्चर पाह्यल्यावर खच्चराची गोठ गावानं मानली जी. सुभेदारसाहेबच सांगून राह्यले मनल्यावर खोटी कशी राहीन? मंग समजलं, बुढ्यानं थ्या गोठी सुभेदाराच्याच उचलल्या व्हत्या. आन तुमी सोता मनलं का बुढा खिसकला हाय. पोरगाच मनते मनल्यावर... त आमी मंग त्याले कोनी काही नाई मनलं. त्यानं बी बर्मा सोडूनच देला."

कळलं? माहितीपटाच्या आधी तो गप्पा हाणणारा होता. माहितीपटानंतर तो चोर झाला, त्याच्याच आठवणीचा. आणि साक्षीदार मी.

मारोतीला मी तिथेच खरं सांगायला हवं होतं, आणि सारा मोहल्ला जमलेला होता. बाचा देह अजून अंगणात होता. मी म्हटलं, "हौ."

कुणी म्हणेल, तू नाव लपवलंस ते जातीमुळे, दोष समाजाचा आहे. समाजाचा हिशेब माझ्याकडे वेगळा आहे, आणि तो मी मागतो, चारचौघांत मोठ्याने मागतो. पण त्या संध्याकाळी यंत्राच्या बाजूला समाज उभा नव्हता. मी होतो. आणखी कुणी शहाणा खच्चराचा कापलेला गळा आणि माझा बाप यांची सांगड घालेल. घाला. मी रोज त्याच टेबलावर बसून जोडणीच करतो, ही जोडणी तुमच्या आधी मला सुचलेली आहे. तिने काही भरून येत नाही.

चूक सुधारता आली असती का? आली असती. सुरुवातीला एक पाटी घातली की झालं: आवाज अमुक यांचा. माहितीपट अजून दाखवतात, बक्षिसाचं मानपत्र भिंतीवर आहे, मी आता मदतनीस राहिलेलो नाही, माझ्या शब्दाला वजन आहे. ती पाटी मी घातलेली नाही. माझ्या नावाची पाटी आहे. डी. राज.

मला क्षमा वगैरे नको आहे. ज्याने द्यायची तो गेला, आणि तो असता तर त्याने ती हसत हसत दिली असती, आणि त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नसता.

मध्यंतरी माझी मुलगी स्टुडिओत आली होती. पाच वर्षांची आहे, बालाघाट तिने पाहिलेलं नाही. घरात बाचा एकही फोटो नाही. तिने विचारलं, आजोबा कसे बोलायचे? मी यंत्रावर रीळ चढवलं आणि तो तुकडा लावला. म्हटलं, ऐक, हा तुझ्या आजोबांचा आवाज. हे अगदी खरं होतं. तिने ऐकलं, आणि बघितलंही. मी पुढे काही बोललो नाही, रीळ गुंडाळून डब्यात ठेवलं.

आता घरी खेळताना ती आजोबा होते. ओट्यावर चढून बसते, आवाज जाड करते, 'बोल वो बाई, मी आयकून राह्यलो' म्हणते, अगदी त्याच्याच हेलात. बायको कौतुकाने हसते. आणि मग पोरगी दोन्ही हातांनी ओठांवरच्या मिशीला पीळ देते.

बाला मिशी नव्हती.